मास्तरांचं अक्षर

न्यूयॉर्कच्या ‘ब्रदर जोनाथन’ या साप्ताहिकाने १४ सप्टेंबर १८४२ रोजी एक जादा अंक काढला. जादा अंकांची या साप्ताहिकाला सवयच होती. इंग्लंडच्या बोटीतून ताजी कादंबरी उतरली की घाईघाईने खिळे जुळवायचे, स्वस्त कागदावर छापायची आणि लेखकाला छदामही न देता विकायची, असा हा राजरोस धंदा. बेकायदा त्यात काही नव्हतं. परदेशी लेखकाच्या हक्काला अमेरिकेच्या कायद्याने ओळख दिली ती थेट १८९१ साली. बेचाळीसच्याच पूर्वार्धात चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर आले होते. त्यांनी जाहीर भाषणांत हे गाऱ्हाणं मांडलं, तर तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांनाच पैशाचा लोभी ठरवलं.

सप्टेंबरचा हा नववा जादा अंक मात्र कादंबरीचा नव्हता. त्यात पानोपानी ओळीने चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली एकदोन वाक्यं. नाव ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ मिस्टर ओबादाया ओल्डबक’. एक वय उलटून चाललेला प्रेमवीर आणि त्याची पानागणिक होणारी फजिती. ही गोष्ट कुणी रचली, याचा पत्ता अंकात कुठेही नाही. अमेरिकेत छापलेलं पहिलं कॉमिक बुक कोणतं, असं विचारलं तर आज जाणकार याच अंकाकडे बोट दाखवतात. सुपरमॅन जन्माला यायला अजून ९६ वर्षं होती.

माग काढताना पावलं शेवटाकडून वाचायची असतात. न्यूयॉर्कच्या अंकातली पावलं लंडनला जातात. टिल्ट अँड बोग या प्रकाशकांनी १८४१ मध्ये हेच पुस्तक इंग्रजीत काढलं होतं. लंडनची पावलं पॅरिसला जातात. तिथे ओबेर नावाचं व्यंगचित्रांचं मोठं दुकान-प्रकाशनगृह होतं. त्यांनी १८३९ मध्ये ही चित्रं आपल्या माणसाकडून गिरवून घेऊन बाजारात आणली, मूळ मालकाला न विचारता. आणि पॅरिसची पावलं जिनिव्हात एका शाळेच्या दारापाशी येऊन थांबतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या वाचकाच्या हाती पडली ती नकलेच्या नकलेची नक्कल. पॅरिसमध्ये मूळची रेघ गेली, लंडनमध्ये मूळचं अक्षर गेलं आणि त्या जागी छापखान्यातले खिळे आले.

या दोन गोष्टी गेल्या म्हणजे काय गेलं, ते समजायला जिनिव्हाच्या शाळेत शिरायला हवं.

शाळा रोदोल्फ टोपफर यांची. आजोबा शिंपीकाम करत जर्मनीतून जिनिव्हात आलेले. वडील वोल्फगांग-आडाम टोपफर नावाजलेले चित्रकार. निसर्गदृश्यं आणि खेड्यातले प्रसंग रंगवणारे, पण हात खाजवला की गावातल्या पुढाऱ्यांची व्यंगचित्रंही काढणारे. ते १८१६ मध्ये इंग्लंडला जाऊन आले, आणि ज्या देशात राजाची टर उडवणारी चित्रं दुकानाच्या काचेत टांगली जात, तिथलं ते सगळं पाहून आले. रोदोल्फचा जन्म ३१ जानेवारी १७९९चा. बापाचा कुंचला मुलाने हाती घ्यायचा, हे घरात ठरल्यासारखंच होतं. पण विशीच्या उंबरठ्यावर डोळे दुखू लागले. १८१९ मध्ये पोरगा पॅरिसला गेला. तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, गुण आला नाही. तासन्‌तास रंगांच्या छटा निरखणं या डोळ्यांना झेपणार नव्हतं. जिनिव्हाला परतून त्यांनी मास्तरकी धरली. आधी दुसऱ्याच्या शाळेत हाताखालचे शिक्षक, मग १८२३ मध्ये लग्न, आणि पुढच्याच वर्षी बायकोच्या हुंड्याच्या पैशातून स्वतःची निवासी शाळा.

मास्तर म्हणून ते भलतेच वेगळे असावेत. दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन आल्प्सच्या डोंगरांत पायपीट करायची, परत आल्यावर त्या प्रवासाचा वृत्तांत स्वतःच्या हाताने लिहायचा आणि शब्दांच्या मधे मधे चित्रं काढायची, हा त्यांचा शिरस्ता. या वह्या पुढे ‘वाकड्या वाटेचे प्रवास’ अशा अर्थाच्या नावाने पॅरिसला छापल्या गेल्या आणि गाजल्या. पण त्याआधी, १८२७ मध्ये, शाळेतल्या संध्याकाळी पोरांच्या करमणुकीसाठी त्यांनी दुसरंच काही सुरू केलं होतं. आडव्या वहीत लेखणीने एक चौकट आखायची, तीत एक माणूस काढायचा, खाली एक वाक्य लिहायचं. शेजारी दुसरी चौकट. तोच माणूस, पुढचा क्षण.

त्या माणसाचं नाव मस्य व्ह्यू ब्वा. मस्य म्हणजे श्रीयुत, आणि व्ह्यू ब्वाचा शब्दशः अर्थ जुनं लाकूड. आपल्याकडे म्हणतात तसं जुनं खोड. हाच पुढे समुद्र ओलांडून ओल्डबक झाला.

या जुन्या खोडाला प्रेमाची पालवी फुटते. प्रेयसी चांगली ऐसपैस बांध्याची आहे आणि तिला नाव नाही; मास्तर तिला सबंध पुस्तकभर ‘प्रेमविषय’ म्हणतात, एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातल्यासारखं. ती लक्ष देत नाही म्हणून हा जीव द्यायला निघतो. तलवार खुपसतो, ती काखेखालून पार होते. अठ्ठेचाळीस तास आपण मेलो आहोत असं समजून पडून राहतो आणि मग भुकेने कासावीस होऊन जिवंत होतो. फास लावतो, दोर लांब निघतो. तेवढ्यात रस्त्यावरून प्रेमविषयाचा आवाज कानी येतो, तसा हा गळ्यात दोर आणि दोराला आढं अशा अवस्थेत धावत सुटतो. आढं मागून फरफटत येतंय. प्रत्येक आपत्तीनंतर तो एकच गोष्ट न चुकता करतो: कपडे बदलतो. एकदा, दोनदा, पाचदा. पहिल्यांदा हे वाक्य वाचताना काही वाटत नाही. चौथ्यांदा आलं की हसू फुटतं. आणि त्याचा प्रतिस्पर्धी पाणचक्कीच्या चाकाला अडकून पाण्यात बुडतोय, वर येतोय, पुन्हा बुडतोय. इकडे कथा दुसरीकडेच चाललेली, आणि मधूनच एक चौकट येते: चाक फिरतंच आहे.

हे वाचताना मला दरवेळी वाटतं, की यातली गंमत सांगायला निघालं की निम्मी सांडते. कारण ती चित्रात नाही आणि वाक्यातही नाही. वाक्य अगदी गंभीर, एखाद्या चरित्रकाराने लिहावं तसं कोरडं. चित्रात माणूस उलटापालटा. हसू या दोहोंच्या फटीत आहे. टोपफरना ते पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्याच एका पुस्तकाची ओळख करून देताना १८३७ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, की चित्रं एकटी ठेवली तर त्यांचा अर्थ धूसर होईल, मजकूर एकटा ठेवला तर त्याला काहीच अर्थ उरणार नाही, आणि दोन्ही मिळून एक प्रकारची कादंबरी होते. कॉमिक म्हणजे काय, हे सांगणारी यापेक्षा नेमकी व्याख्या पुढच्या पावणेदोनशे वर्षांत कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

चित्रांतून गोष्ट सांगणं त्यांनी शोधलं, असं मात्र कुणी म्हणू नये. ते फार जुनं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायणाचे प्रसंग रंगवलेल्या पानांवरून रात्ररात्र कथा सांगत आले, त्यांचा आणि जिनिव्हाचा काडीचा संबंध नाही. युरोपातही टोपफरच्या आधी विल्यम होगार्थ होते. कामसू आणि आळशी अशा दोन उमेदवार कारागिरांची त्यांची १७४७ची बारा चित्रांची मालिका टोपफरना फार आवडायची. पण होगार्थचं प्रत्येक चित्र म्हणजे एक पूर्ण प्रसंग. त्यापुढे उभं राहायचं, कोपऱ्यातला कुत्रा, भिंतीवरची तसबीर, सगळं निरखायचं. एका चित्रातून दुसऱ्यात जाईपर्यंत वर्षं लोटलेली. चित्रकथीचं पानही तसंच ठाकठीक. शब्द पानावर नाहीत, सांगणाऱ्याच्या मुखात आहेत. टोपफरच्या चौकटीपुढे उभं राहावं असं तीत काही नसतं. रेघ ओबडधोबड, मागची भिंत अर्धीच. डोळा तिथे ठरतच नाही, पुढच्या चौकटीकडे घरंगळतो. चांगल्या चित्रकाराला हे जमलं नसतं. त्याने चित्र पूर्ण केलं असतं.

आता डोळ्यांचं दुखणं आठवा. ज्या माणसाला रंगवता येत नव्हतं, त्याला लिहिता येत होतं. टोपफरनी ही चित्रं लिहिली आहेत, असं मी म्हणेन. त्याच लेखणीने, त्याच शाईने, त्याच वेगाने चौकटीतला माणूस आणि खालचं वाक्य उतरतं; चौकटीची रेघसुद्धा पट्टी न लावता ओढलेली, हलणारी. स्वाक्षरीचा शेवट जसा झोकात खाली ओढावा तसे त्यांच्या माणसांचे पाय ओढलेले असतात.

आणि हे जसंच्या तसं छापण्याचं साधन नेमकं त्याच काळात हाताशी आलं. शिळाछापाचा शोध अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी लावला. स्निग्ध शाईने दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, छपाईची शाई फिरवायची. ती फक्त स्निग्ध रेघेला धरते. अडचण एकच. दगडावर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं. चित्राचं एक वेळ चालेल, अक्षरांचं काय? त्यावर तोड निघाली ती अशी, की खास लेप दिलेल्या कागदावर सरळच लिहायचं आणि तो कागद दगडावर दाबून मजकूर उतरवून घ्यायचा. दगडावर उलटा, छापताना पुन्हा सुलटा. ही पद्धत मुळात कचेऱ्यांतल्या परिपत्रकांच्या कामाची. टोपफरनी ती आपल्या खोडकरपणासाठी वापरली. ना कोरक्या मधे आला, ना खिळे जुळवणारा. घरच्या टेबलावर जे उतरलं तेच वाचकाच्या हातात.

शिळाछाप मराठी वाचकाला परका नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं ते १८३१ साली. मराठी मुद्रणाच्या इतिहासातला हा थोर टप्पा. त्याच वर्षी तिकडे टोपफर मास्तर मस्य झाबो यांची गोष्ट काढत बसले होते. एकच यंत्र, एकाने त्यावर तिथी-नक्षत्रं उतरवली, दुसऱ्याने वेडेपणा.

पण छापायचं धाडस एकदम झालं नाही. वह्या मित्रांच्या हातांतून फिरत होत्या. त्यांतली एक फिरत फिरत वायमारला पोहोचली. जिनिव्हाचे फ्रेदेरिक सोरे हे वायमारच्या राजकुमाराचे शिक्षक. त्यांनी १८३०-३१च्या हिवाळ्यात ‘डॉक्टर फेस्तूस’ची वही ८१ वर्षांच्या गटेंसमोर ठेवली. ज्या म्हाताऱ्याने उभं आयुष्य ‘फाउस्ट’ लिहिण्यात घालवलं, त्याच्या हातात फाउस्टच्या नावाची टवाळी! व्यंगचित्रांबद्दल गटेंना एरवी प्रेम नव्हतं. हे मात्र त्यांना फार आवडलं. एका वेळी थोडीच पानं पाहायची, नाही तर कल्पनांचं अजीर्ण होईल, अशा अर्थाचं ते बोलल्याची नोंद आहे. आणि असंही, की या माणसाने जरा कमी उथळ विषय घेतला तर तो काय करील याला सुमार नाही. शेवटची सूचना टोपफरनी मनावर घेतली नाही, हे आपलं भाग्य. गटे मार्च १८३२ मध्ये वारले. त्यांच्या नियतकालिकाच्या त्यानंतर निघालेल्या अंकात या वह्यांवर टिपण आलं.

त्याच १८३२ मध्ये टोपफर जिनिव्हाच्या अकादमीत साहित्याचे प्राध्यापक झाले. १८३३ मध्ये त्यांनी ‘झाबो’ छापलं, पण विक्रीला काढलं १८३५ मध्ये. प्राध्यापकाने असली पुस्तकं काढावीत का, ही धास्ती असणारच. झाबो म्हणजे सदऱ्याच्या छातीवरची झालर. हा गृहस्थ उच्चभ्रूंच्या मेजवानीत शिरायला धडपडतो, प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो आणि प्रत्येक वेळी उठून, एक पाय पुढे टाकून, मान वर करून पुन्हा पवित्र्यात उभा राहतो. तेच वाक्य, तेच चित्र, पुन्हा पुन्हा. १८३७ मध्ये व्ह्यू ब्वा छापलं गेलं आणि ‘क्रेपँ’ही. क्रेपँ हा अकरा मुलांचा बाप. पोरांसाठी शिक्षक शोधतो, आणि दर शिक्षक आपापली नवीन शिक्षणपद्धती घेऊन घरात गोंधळ घालतो. त्यांतला एक डोक्याची उंचसखल हाडं चाचपून स्वभाव सांगणारा. ज्या माणसाने स्वतः शाळा चालवली त्यानेच हे लिहावं, यात वेगळी मजा आहे. आजच्या पालकांनी ते वाचायला हरकत नाही. फक्त हाडं चाचपणाऱ्याच्या जागी कोण बसलंय ते ज्याने त्याने पाहावं. ‘मस्य पेन्सिल’मध्ये वाऱ्याच्या एका झुळकीने चित्रकाराचा कागद उडतो आणि गैरसमजांची माळ युद्धाच्या तोंडापर्यंत जाते. ‘फेस्तूस’ त्यांनी १८४० मध्ये दोनदा छापलं, एकदा चित्रांत आणि एकदा निव्वळ गद्यात. गद्य फेस्तूस आज अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही.

अशी, पुढे आलेली दोन धरून, एकंदर सात पुस्तकं. गंमत म्हणजे त्यांच्या हयातीत लौकिक होता तो त्यांच्या गद्य कथांचा. सँत-बव्हसारख्या समीक्षकाने १८४१ मध्ये पॅरिसच्या मोठ्या मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला. वाङ्मयेतिहासात टोपफर हे जिनिव्हाच्या हळव्या कथांचे लेखक म्हणून बसले, आणि ही सात पुस्तकं मास्तरांचा फावल्या वेळचा चाळा म्हणून कडेला राहिली.

त्यांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. १८४५ मध्ये त्यांनी चेहऱ्यांच्या शास्त्रावर एक छोटा निबंध लिहिला, तोही स्वतःच्या अक्षरात, चित्रांसह, त्याच शिळाछाप पद्धतीने. गोष्ट लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत, असं तो सांगतो: एक शब्दांची, एक चित्रांची. टीकाकार दुसरीची दखल घेत नाहीत, पण पोरांवर आणि साध्या माणसांवर तिचाच प्रभाव मोठा. ती करायला हाडामांसाचा अभ्यास लागत नाही. लागतं ते चेहऱ्याचं ज्ञान, आणि ते मिळवायला एक लेखणी पुरे. एक चेहरा कसाही खरडा. त्याला काही ना काही भाव असणारच. मग त्याचा फक्त वरचा ओठ बदला. माणूस जरा कमी मूर्ख दिसतो का? आता कपाळ बदला. डोकं चाचपणाऱ्यांवर ते इथेही तुटून पडतात. नाकाकपाळावरून स्वभाव ठरत नाही. पण कागदावरच्या नाकाकपाळावरून वाचक तो ठरवतोच ठरवतो, आणि कथाकाराला तेवढंच हवं असतं. शंभरावर वर्षांनी, १९६० मध्ये, कलेतिहासाचे मोठे अभ्यासक गोम्ब्रिख यांनी आपल्या ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये या निरीक्षणाला ‘टोपफरचा नियम’ असं नावच देऊन टाकलं.

याच माणसाने १८४१ मध्ये डागेरच्या नव्या छायाचित्राविरुद्धही निबंध लिहिला होता. यंत्र हुबेहूब देतं, पण त्यात काढणारा नसतो, ही त्यांची तक्रार. एकूणच नवेपणाचं त्यांना वावडं. प्रगतीच्या खुळावर त्यांनी १८३५ मध्येच कोरडे ओढले होते. राजकारणात ते सनातनी. जिनिव्हात जेम्स फाझी यांचा क्रांतिकारी पक्ष जोर धरू लागला, तसे टोपफर वर्तमानपत्रातून त्याच्यावर लिहू लागले. १८४५ चं ‘आल्बेर’ हे त्याच रागातून आलेलं पुस्तक. नायक कशातच न टिकणारा, म्हणून अखेर क्रांतिकारक होणारा पोरगा. राजकारण म्हणून ते एकांगी आहे, आणि द्वेष लपत नाही. पण त्यात आल्बेर दारोदार पुस्तकं विकायला निघतो ते पान बघावं. चौकटी अरुंद होत जातात, आणखी अरुंद, शेवटी नुसत्या उभ्या पट्ट्या. दार, दार, दार. चौकटीच्या रुंदीने वेळ मोजता येतो, हे त्या पानाने दाखवून दिलं. प्रगतीला शिव्या घालणाऱ्या माणसाच्या हातून, प्रगतीला शिव्या घालता घालता.

तोवर डोळे फारच बिघडले होते आणि शरीरही. व्हिशीच्या औषधी झऱ्यांच्या पाण्यानेही उतार पडला नाही. ‘मस्य क्रिप्तोगाम’ ही फुलपाखरं पकडणाऱ्याची कथा पॅरिसच्या ‘लिल्युस्त्रासियों’ या सचित्र साप्ताहिकाला हवी होती. साप्ताहिकात चित्रं मजकुराबरोबर छापायची म्हणजे लाकडी ठसे हवेत, आणि ते काम या डोळ्यांना अशक्य. तेव्हा चित्रं लाकडावर उतरवायला एक तरुण व्यंगचित्रकार नेमला गेला. टोपणनाव शाम. याच शामने १८३९ मध्ये ओबेरच्या दुकानासाठी टोपफरची उघड उघड नक्कल करून आपल्या धंद्याचा श्रीगणेशा केला होता. ज्याने नक्कल केली तोच शेवटी मास्तरांचा हात झाला. १८४५ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये क्रिप्तोगाम क्रमशः आला. ८ जून १८४६ ला टोपफर वारले, ४७ व्या वर्षी. वडील त्यांच्यामागे वर्षभर जगले. त्याच १८४६ च्या ऑक्टोबरात फाझींची क्रांती झाली. ती बघायला टोपफर नव्हते.

पुढे १८६० मध्ये पॅरिसच्या गार्निए प्रकाशनाने पुस्तकं पुन्हा काढली, तीही मुलगा फ्रांस्वा याने नव्याने गिरवून. म्हणजे जगाने टोपफर पाहिला तो ओबेरच्या नोकराच्या हाताने, शामच्या हाताने, मुलाच्या हाताने. हॉलंडात क्रिप्तोगाम ‘प्रिकेबेन’ झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांचा लाडका ठरला. जर्मनीत तो ‘श्टेकेलबाइन’. त्याच जर्मनीत विल्हेल्म बुश यांनी १८६५ मध्ये ‘माक्स उंड मोरित्स’ काढलं. ते वाचलेले अमेरिकन वर्तमानपत्रमालक हर्स्ट यांच्या न्यूयॉर्कच्या पत्रात रुडॉल्फ डर्क्स या जर्मन वंशाच्या पोराने डिसेंबर १८९७ मध्ये तशीच दोन द्वाड कार्टी आणली, ‘कॅट्झेनजॅमर किड्स’. न्यूयॉर्कला या खेपेस टोपफरचा वारसा पोहोचला तो आडवाटेने, आणि यावेळी तो तिथे टिकला. तोंडातून निघणारा शब्दांचा फुगा टोपफरकडे नव्हता, तो त्याच सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांत स्थिरावला. म्हणूनच अमेरिकन मंडळी कॉमिकचा जन्म १८९६ चा धरत आली. त्या शताब्दीचे ढोल वाजायच्या आत, १९९४ मध्येच, थिएरी ग्रोएन्स्टीन आणि बनुआ पेटर्स यांनी टोपफरवर पुस्तक लिहून कॉमिकचा शोध जिनिव्हाच्या नावावर मांडला. भांडण आजही मिटलेलं नाही. माझं मत कुणीकडे, ते एव्हाना कळलं असेल.

विसाव्या शतकात या कलेचा कारखाना झाला. १९३४ पासून अमेरिकेत दहा सेंटांची कॉमिक बुकं निघू लागली, मागणी पुरवायची म्हणून काम वाटलं गेलं: एक गोष्ट लिहिणार, दुसरा पेन्सिलने आखणार, तिसरा शाईने गिरवणार, चौथा अक्षरं काढणार, पाचवा रंग देणार. एका हाताची पाच बोटं पाच जणांना वाटावी तसं. १९६४ मध्ये मुंबईत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालं आणि फँटम मराठीत वेताळ होऊन आला, तो या कारखान्यातला. सुट्टीत दहा दहा पैशांनी भाड्याने आणलेला तो वेताळ वाचताना, हे कुणी एकाने काढलंय अशी शंकाही आम्हाला कधी आली नाही.

पण कारखान्यातही एक गोष्ट सहसा मोडली नाही. फुग्यातली अक्षरं हातानेच काढायची. शेजारी छपाईची सगळी यंत्रं उभी असताना, वर्तमानपत्राचे खिळे हाताशी असताना, कॉमिकमध्ये कुणीतरी वाकून एकेक अक्षर लिहीत बसलेलाच असायचा. खिळ्यांचं अक्षर चित्राशेजारी मेल्यासारखं दिसतं, हे सगळ्यांना डोळ्यांनी कळत होतं. कारण सांगता येत नव्हतं, इतकंच. डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’ काढलं तेव्हा चित्रं आणि अक्षरं दोन्ही स्वतःच्या हातची ठेवली.

१९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका संगणक-कार्यक्रमात चित्रातला कुत्रा वर्तमानपत्री टायपात बोलतोय, हे व्हिन्सेंट कॉनेअर या तिथल्या अक्षरकाराला खटकलं. त्याने कचेरीतली कॉमिक्स समोर घेतली, त्यांत ‘वॉचमेन’ होतं, आणि त्या हाताच्या वळणाबरहुकूम एक टाइप तयार केला. तो म्हणजे कॉमिक सॅन्स. असंख्य संगणकांत तो गेला, अक्षरकारांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि शाळाशाळांतल्या शिक्षकांनी सूचनाफलकांसाठी उचलला. देवनागरी त्यात नाही.